मर्लची विंचेस्टर

हार्लन वीस्टच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन बंदुका आडव्या पडून होत्या आणि तो त्यांच्याकडे पाठ करून कॉफी पीत उभा होता. एक त्याची स्वतःची, रेमिंग्टन. दुसरी मर्ल कून्सची, विंचेस्टर. मर्ल एप्रिलमध्ये गेला. उद्या सोमवार, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, आणि उद्या खांद्याला कुठली लावायची याचा निर्णय हार्लनला आज करायचा होता. खरं तर तो महिनाभर हा निर्णय करत होता. रोज रात्री करायचा आणि रोज सकाळी मोडायचा.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या त्या डोंगरांत माणूस कुठल्या चर्चमध्ये जातो हे कुणी विचारत नाही, पण बंदूक कुठली वापरतो हे पहिल्या भेटीतच विचारून घेतात. आणि तिथे उत्तरं दोनच. रेमिंग्टनवाले आणि विंचेस्टरवाले एकमेकांच्या घरात मुली देतात, एकमेकांचे ट्रक दुरुस्त करतात, पण या एका बाबतीत कुणी कुणाचं ऐकत नाही. हार्लन आणि मर्ल एकाच लाकूडगिरणीत कामाला होते, जंगलातला कॅम्प, म्हणजे शिकारीच्या दिवसांत राहायची लाकडी खोपी, त्यांनी मिळून बांधला होता, आणि तीस वर्षं याच विषयावरून ते एकमेकांच्या डोक्यावर मिरे वाटत आले होते.

बाहेरच्या माणसाला या भांडणाचं हसूच येईल. दोन्ही बंदुका बोल्टच्या, म्हणजे दर गोळीनंतर दांडी हाताने मागे ओढून नवं काडतूस आत सारायचं. दोघींना काडतूसही एकच लागतं. दोन्हींचा नेम चोख. खरा फरक अंगठ्याएवढ्या जागेत होता. चाप चुकून ओढला जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला जी सेफ्टी असते, तिला हार्लनच्या रेमिंग्टनवर दोन घरं होती. मागे असली की बंद, पुढे ढकलली की चालू. मर्लच्या विंचेस्टरवर तिसरं घर होतं, मधलं. सेफ्टी मधल्या घरात ठेवली की चाप मेलेला राहतो पण बोल्ट उघडतो, त्यामुळे बंदूक रिकामी करताना गोळी उडायची भीती नाही. मर्लला या मधल्या घराचं इतकं कौतुक की ते जणू त्यानेच शोधून काढलं होतं. हार्लन म्हणायचा, दिवा एक तर लागलेला असतो नाही तर विझलेला, अर्धा दिवा कोण लावतो? मग मर्ल सांगायचा, ज्याच्या ट्रकमध्ये पोरं बसतात तो लावतो. मग हार्लन आणखी काही बोलायचा, आणि कॅम्पचा स्वयंपाकी स्टॅन बॉन्चेक डाव आपटून दोघांना जेवायला बसवायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात.

ऑक्टोबरात मर्लची बायको आर्लीन ती विंचेस्टर ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेऊन आली. तिचा एक मुलगा पिट्सबर्गला, एक ॲरिझोनाला, आणि दोघांनाही जंगलात थंडीत बसायचा कंटाळा. आर्लीन बसली नाही की कॉफी घेतली नाही. तिने बंदूक टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं, "भिंतीवर टांगायला देत नाहीये मी. पहिल्या दिवशी ही जंगलात जाणार असेल तर तुझी. तुझ्या हाताला जमत नसेल तर तसं सांग, मी दुकानात विकायला ठेवते. पहिल्या दिवशी संध्याकाळी मला फोन कर." आणि उत्तराची वाट न बघता ती गेली.

हार्लनला त्या रात्री झोप लागली नाही. बंदूक दुकानात गेली तर फिलाडेल्फियाचा कुणी तरी उपटसुंभ ती घेणार, ट्रकच्या मागच्या खिडकीत अडकवणार, आणि या डोंगरात मर्लचं म्हणून काही उरणार नाही. नेली तर आपली रेमिंग्टन पहिल्या दिवशी घरी पडून राहणार, जे आजवर कधी झालं नव्हतं, आणि मर्ल मेल्यावर का होईना पण हार्लन नमला असं सगळं खोरं म्हणणार. तेही त्याने सोसलं असतं. खरी बोच वेगळीच होती. मर्लची बंदूक दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर चढली म्हणजे मर्ल आता येणार नाही हे नक्की झालं. ते नक्की करायला हार्लन अजून तयार नव्हता.

तरी तो दोन्ही बंदुका घेऊन जुन्या वाळूच्या खाणीत जात राहिला. लाकडी बाकावर वाळूची पिशवी ठेवायची, तिच्यावर नळी टेकवायची आणि कागदावर गोळ्या मारायच्या. कधी ही, कधी ती. विंचेस्टरच्या गोळ्या कागदावर जवळजवळ एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. हार्लनने तो कागद घडी करून खिशात घातला आणि कुणाला दाखवला नाही.

रविवारी दुपारी कॅम्पवर पोचला तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांना बंदुका होत्या. स्टॅन दारात लाकडं फोडत होता. त्याने मान वर करून बघितलं आणि विचारलं, "दोन्ही आणल्यास? निवडायचं काम काय हरणावर सोपवणारेस?" हार्लन तसाच आत गेला. आत मर्लचा कॉफीचा मग खिळ्याला होता तिथेच होता. दोघांनी स्टॅनचे बटाटा भरलेले पिरोगी खाल्ले, हवेबद्दल बोलले, आणि ज्याच्याबद्दल बोलायचं होतं त्याच्याबद्दल न बोलता झोपले.

सोमवारी पहाटे हार्लनने शिकाऱ्यांचा नारिंगी कोट चढवला, दाराशी उभा राहिला आणि सवयीने रेमिंग्टनला हात घातला. मग त्याच्या मनात एक साधी गोष्ट आली. रेमिंग्टन पुढच्या वर्षीही इथे असेल. दुसरीचं तसं नाही. इतके दिवस डोकं फोडून जे सुटलं नव्हतं ते एवढ्याने सुटलं. त्याने विंचेस्टर उचलली. पट्टा मर्लच्या उंचीचा होता, त्यामुळे दस्ता चालताना मांडीवर आपटत राहिला. पट्टा आवळावा असं त्याला एकदाही वाटलं नाही.

तो जाऊन बसला मर्लच्याच जागी, उतारावरच्या खडकाला पाठ टेकून, हेमलॉकच्या झाडाखाली. काडतुसं भरली, सेफ्टी पार मागे ओढून घेतली. रात्री पाऊलभर बर्फ पडला होता. उजाडलं तशी दूरवर, पलीकडच्या धारेवर, कुणाची तरी गोळी वाजली, मग आणखी एक. हार्लनच्या पायांची बोटं गारठली. इतक्या वर्षांत असं एकट्याने बसणं त्याला नवं नव्हतं, पण दुपारी जेवताना कुणाला तरी सांगायचं आहे म्हणून तो एकटेपणा गोड लागायचा, हे त्याला आज कळलं.

आधी एक मादी आली. ती थांबली, मागे वळून बघितलं आणि निघून गेली. तिच्या मागून नर आला. अंगाने भरलेला, रुंद शिंगांचा, नाक खाली घालून तिच्या वाटेने चाललेला. ओढ्याशी येऊन तो अगदी आडवा उभा राहिला. याहून चांगलं उभं राहणं हरणाला शक्य नव्हतं. हार्लनने बंदूक वर घेतली, बंदुकीवरच्या दुर्बिणीतली रेघ नराच्या खांद्यामागे टेकवली, अंगठ्याने सेफ्टी पुढे ढकलली, श्वास अर्धा सोडला आणि चाप दाबला.

काहीच झालं नाही. त्याने पुन्हा दाबला. चाप दगडासारखा घट्ट. काडतूस बसलं नसेल, गारठ्याने तेल थिजलं असेल, असे काय काय विचार एका क्षणात डोक्यातून गेले. मग त्याची नजर अंगठ्यावर गेली. सेफ्टी मधल्या घरात होती.

तीस वर्षं रेमिंग्टनवर घोटलेला अंगठा. त्याने एकदा ढकललं आणि काम झालं असं समजून तो थांबला. हार्लनने घाईने दुसऱ्यांदा ढकललं, आणि त्या शांततेत तेवढा बारीक आवाजही पुरला. नराने मान वर केली, शेपटीचं पांढरं दाखवलं आणि बीच झाडांच्या दाट रोपांत शिरला. वाळूच्या खाणीत महिनाभर एवढी काडतुसं उडवली, पण बाकावर बसून मारताना सेफ्टीला कोण हात लावतं? ती एकदा पुढे सारली की दिवसभर पुढेच. नेम, दस्ता, वारा, सगळं त्याने तपासलं होतं. ज्या गोष्टीवरून निम्मं आयुष्य भांडला, तेवढीच तपासायची राहिली होती.

तो खडकापाशीच बसून राहिला. आधी स्वतःची लाज वाटली, मग राग आला, आणि मग मर्लचा चेहरा डोळ्यांपुढे येऊन त्याला इतकं हसू फुटलं की उरलीसुरली हरणंही त्या उतारावरून गेली असतील.

संध्याकाळी स्टॅन चुलीपाशी होता. त्याला दुपारीच एक लहान नर मिळाला होता, त्यामुळे मिजास जरा वाढली होती. तुझ्या बाजूने गोळी ऐकू आली नाही, म्हणजे काही फिरकलंच नाही तर, असं तो म्हणाला. हार्लनने नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. बघायला कुणी नव्हतं. आर्लीनलाही तेच सांगता आलं असतं, किंवा बंदूक हाताला जमत नाही असंही सांगता आलं असतं, आणि ते पूर्ण खोटं ठरलं नसतं. रेमिंग्टन कोपऱ्यात उभी होती. उद्या ती घेऊन निघालं की प्रकरण मिटलं.

त्याने सगळं सांगितलं. स्टॅन पोट धरून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, आणि मग एकाएकी त्याची नजर खिळ्यावरच्या मगाकडे गेली.

कॅम्पचा जुना रिवाज होता. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं. भिंतीवर अशी पुष्कळ टोकं होती, जवळजवळ निम्मी हार्लनची, तितकीच मर्लची, दोन-तीन स्टॅनची. कात्री नेहमी मर्लकडे असायची. स्टॅन म्हणाला की नियम उडालेल्या गोळीचा आहे, गोळीच उडाली नाही तर कात्री कशाला? हार्लनने फळीवरून कात्री काढली, शर्ट पँटीतून बाहेर ओढला आणि त्याच्याकडे पाठ केली.

"काप," तो म्हणाला. "मर्ल असता तर त्याने नियम बदलला असता."

स्टॅनने कापलं. जरा जास्तच कापलं.

मग हार्लन ट्रक काढून चौरस्त्यावरच्या दुकानात गेला. कॅम्पवर फोन नव्हता. दुकानाच्या ओसरीवर जो होता तिथे दिवसभर शिकाऱ्यांची रांग असायची, पण आता कुणी नव्हतं. कापलेल्या शर्टातून वारा थेट कमरेला लागत होता. आर्लीनने पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"नर आला होता," हार्लन म्हणाला. "मोठा होता. मला नाही मिळाला. बंदुकीत खोट नाही काही, आर्लीन. अंगठा माझा चुकला."

तिने विचारलं, "मधल्या घरात राहिली?"

हार्लन रिसीव्हरकडे बघत राहिला. स्टॅन तर कॅम्पवरच होता, आणि त्याच्याशिवाय तिला सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

"मर्ल म्हणाला होता," आर्लीन म्हणाली. "हॉस्पिटलात. म्हणाला, ती हार्लनला दे, पण मी दिली असं सांगू नकोस, हळवा होईल आणि टांगून ठेवेल भिंतीवर. दुकानात विकते म्हण, मग बरोब्बर नेईल. आणि पहिल्या दिवशी मधल्या घरात अडकेल, लिहून घे, म्हणाला. इतका हसला सांगताना की त्याला खोकलाच आला."

"म्हणजे दुकानाचं खोटं होतं?"

"मी मर्लची बंदूक दुकानात देईन? तुला पटलं कसं रे ते? आता तुला सगळं कळलंय. उद्या तुझी तू घेऊन गेलास तरी चालेल. मी काही म्हणायची नाही."

हार्लनने ओसरीच्या खांबाला डोकं टेकवलं. डोळे भरून आले होते आणि ते पुसायचीही गरज त्याला वाटली नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी काय होईल म्हणाला?" त्याने विचारलं.

"ते राहिलं," आर्लीन म्हणाली. "नर्स आली तेवढ्यात. मग तो झोपला. मग फारसं बोललाच नाही."

रस्त्यावरून एक ट्रक गेला, मागे हरीण बांधलेलं. तो वळणापलीकडे गेला.

"उद्या हीच नेतो," हार्लन म्हणाला.

"दोनदा ढकलायची, हार्लन."

"बरं," तो म्हणाला. या विषयावर आयुष्यात पहिल्यांदा तो बरं म्हणाला होता, आणि ते ऐकायला मर्ल नव्हता.