काचेतले दरोडेखोर

चंद्रभान जेवायला बसला तरी डोक्यावरची फेल्टची टोपी काढत नसे, आणि दातातली आगकाडी भाताच्या पहिल्या घासालाच काय ती बाहेर यायची. सखूबाईला शिसारी यायची. नवऱ्यामागं तीन माग एकटीच्या हिमतीवर चालवलेली बाई, तिच्या पोटी हे ध्यान!

"काहून रे, टक्कल पडलं का? काढ थे टोपी."

"इंग्लिश पिक्चरचा हिरो अशीच घालते, माय. तो अन् त्याची लव्हर मिळून बँका लुटतात."

"लुटजो. आधी मागावर बस."

पण भानगड टोपीवर थांबली नाही. गोळीबार चौकातल्या स्टुडिओवाल्यानं नवा फोटो दर्शनी काचेत लावला. पडद्यावर रंगवलेली मोटार, तिला टेकून चंद्रभान, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून, लाकडी पिस्तूल रोखून उभी गोपिका. मागच्या गल्लीतल्या कवडूची पोरगी, मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी गोपिका. उमरेडच्या घरी तिची सुपारी फुटून पंधरा दिवस झाले नव्हते. तिकडची माणसं सूत घ्यायला आली, काचेपुढं थबकली, आणि संध्याकाळच्या आत सुपारीचं लुगडं परत मागून, सोयरीक मोडून गेली.

कवडू सखूबाईच्या अंगणात येऊन उभा राहिला. त्यानं चंद्रभानकडं बोट केलं.

चंद्रभाननं काडी या गालातून त्या गालात सरकवली. "मी कुठं बोलावलं होतं? थेच मांगं लागली होती."

सखूबाईनं पोराकडं पाहिलं. अळी निघालेल्या वांग्याकडं पाहावं तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं गोपिकेला घरून उठवलं. "चाल वं पोरी. दाखव मले काय शिकून आला तो." सगळ्या गल्लीदेखत तिचा हात धरून तिला रिक्षात घातलं आणि तो पिक्चर लागलेलं सदर भागातलं थेटर गाठलं.

इंग्रजी एक अक्षर कळलं नाही. मुके आले की सखूबाई "शी!" म्हणून पदर तोंडाला लावायची. गोळ्या सुटल्या की "मरा, मेल्यांनो" म्हणायची. गोपिका अंधारात रडत होती. "काकू, फोटो आपल्या दोघांपाशीच राहीन म्हणे तो."

शेवटी पोलिसांनी घर घेरलं. बाई जखमी, मागचं दार उघडं. तो गडी दारापर्यंत गेला आणि परत फिरून तिच्यापाशी बसला. सखूबाईचा पदर तोंडावरून खाली आला.

घरी येताना ती कवडूच्या दारी थांबली, मग अंगणात आली. चंद्रभान आरशात टोपी तिरपी करत होता.

"पाहून आली तुह्या हिरोले," ती म्हणाली. "चोर होता मेला, पण मागचं दार उघडं असून पळाला नाही. तू कवडूपुढं पोरीले टाकून मोकळा झाला. काढ थे टोपी! उद्या उघड्या डोक्यानं उमरेडले जायचं अन् त्यायच्या दारात सांगायचं, फोटोले मीच नेलं, पोरीचा गुन्हा नाही. सोयरीक जुळो का न जुळो. अन् तुले पोरगी देऊ नको म्हणून मीच सांगून आली कवडूले. चोराच्या टोपीचीही लायकी नाही तुही."