बटणं काढलेला शर्ट

म्हातारीच्या हातांना चैन म्हणून नव्हती. घरात कुणाचं काही विटलं, उसवलं, तोकडं झालं की ते तिच्या पेटीत जायचं आणि महिन्याभरात गालिचा होऊन जमिनीवर पडायचं. जुन्या चादरी, पडदे, शिंप्याकडची कातरणं, पाठीला गोणपाट. तिला काहीच वर्ज्य नव्हतं. दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, तीनपेडी वेणी घालायची आणि ती गोल गोल फिरवत दाभणाने शिवत जायची. शेजारीण म्हणायची, "तुमच्या दारात उभं राहायची भीती वाटते बाई, अंगावरचे कपडे काढून घ्याल."

पण म्हातारीचे दोन नियम होते, आणि त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. ज्याची बटणं काढलीत तोच कपडा फाडायचा. आणि बटणं ज्याचा कपडा त्यानेच कापायची, म्हणजे मागाहून 'माझा का फाडलात' ही कटकट नको. दुसरा नियम, न धुतलेली चिंधी वेणीत घ्यायची नाही. उकळत्या साबणाच्या पाण्यात तासभर, मग ती कुणाचीही असो.

त्या सकाळी शिलाई मशीनवर निळ्या चौकड्यांचा शर्ट पडला होता. तिच्या मुलाचा. मुलाला जाऊन आठ महिने झाले होते. शेवटच्या दिवशी गॅरेजमधून येऊन त्याने खुंटीवर टाकलेला तो शर्ट सुनेने न धुता पिशवीत बांधून कपाटात ठेवला होता. म्हातारीला ते माहीत होतं. दोघी त्याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या. आता तो शर्ट मशीनवर होता आणि त्याला एकही बटण नव्हतं.

म्हातारी शर्ट हातात घेऊन खाली बसली. सून दवाखान्यात कामावर गेलेली, नात शाळेत. पण सून असती समोर, तरी विचारायचं काय? पोरीने मन घट्ट केलं असणार. तोंडाने सांगवलं नाही म्हणून बटणं काढून सांगितलं. आता आपण मोडता घातला तर शर्ट पुन्हा कपाटात जाईल आणि ही पुन्हा झुरत बसेल. नऊ महिने म्हातारीनेच पोटात वाढवलेलं पोर होतं ते. तरी ती उठली आणि पाणी तापत ठेवलं. पाणी उकळेपर्यंत शर्ट मांडीवर घेऊन बसून राहिली.

दुपारपर्यंत पट्ट्या वाळल्या. संध्याकाळी सून आणि नात आल्या तेव्हा निळी वेणी गालिच्याच्या मधोमध शिवून झाली होती.

नातीने दप्तर फेकलं आणि आजीपुढे ताठ उभी राहिली. "आजी, बघ ना. बाबांची बटणं." तिच्या स्वेटरला वरपासून खालपर्यंत सहा पांढरी बटणं होती.

"सकाळी घाईत लावली," सून चपला काढत म्हणाली. "रोज मागे लागली होती, बाबांचं काहीतरी हवं म्हणून. तेवढ्यात बस आली, शर्ट आत ठेवायचा राहिला. आई, तुम्ही ठेवलात का कपाटात?"

म्हातारीच्या जिभेला एरवी लगाम नसे. आज तिने नुसता गालिच्यावरचा हात बाजूला घेतला.

सुनेने पाहिलं. खाली बसली, निळ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"धुतलात?"

"धुतला गं. मला वाटलं, तू बटणं काढलीस म्हणजे..." आपल्याच नियमाचा म्हातारीला इतका राग आला की ती पेटी चुलीत घालावीशी वाटली. "उसवते मी सगळा. पट्ट्या जोडून देते."

"पट्ट्या घेऊन काय करू, आई?"

नात एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत स्वेटरचं बटण चाचपत होती.

"मी कधी पिशवी उघडायची नाही," सून म्हणाली. "उघडली तर वास संपेल म्हणून. आज उघडली तर घाईत बटणं कापली फक्त. वास घ्यायचाच राहिला." मग तिने विचारलं, "अजून होता का?"

म्हातारीला खोटं बोलता आलं असतं.

"होता. धुण्याआधी मी घेतला."

"कसा होता?"

"कॉलरला ऑइलचा. बाहीला घामाचा, लहानपणी खेळून यायचा तेव्हा यायचा तोच. आणि खिशापाशी संत्र्याच्या गोळीचा. गोळ्या लपवून खायचा मेला."

"हो," सून म्हणाली. तिने डोळे मिटले होते आणि त्यांतून पाणी वाहत होतं. "तसाच."

"माझं चुकलं गं पोरी."

सुनेने मान हलवली. कशाला हलवली ते तिचं तिलाच ठाऊक. "उद्या पुन्हा सांगाल?"

म्हातारी हो म्हणाली. आणि आपल्याला तरी तो वास किती दिवस आठवेल, अशी भीती तिच्या मनात आली.