लाल शाईतले शेरे

माझं अक्षर चांगलं आहे, हा काही माझा गुन्हा नाही. सोनगीरमध्ये ग्रामपंचायतीची सूचना असो की लग्नपत्रिकेचा मजकूर, लोक हेमलताबाईंकडेच येतात. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठेही असोत, त्यांचा काना सरळ उभा असतो. अपवाद एकच निघाला आणि तो नेमका माझ्या घरात.

सोनल माझ्या धाकट्या भावाची, प्रकाशची मुलगी. यंदा दहावीला. तोंडी विचाराल तर या पोरीला काय येत नाही? विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर का जळतो, हे ती वायरमनला समजावून सांगते. उन्हाळ्यात गल्लीतले चार कूलर तिने खोलून दुरुस्त केले. तिला आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचंय. पण हातात पेन दिला की घराचं ‘धर’ होतं, भाकरीची ‘माकरी’ होते आणि वेलांट्या कुठे सांडतात देव जाणे. तिसरी-चौथीत ती माझ्याच वर्गात होती. नंतरही रोज संध्याकाळी मीच तिचा अभ्यास घेतला. चुकलेला शब्द पन्नास वेळा लिहायचा, हा माझा नियम. ती लिहायची. पन्नासात तो शब्द चार तऱ्हांनी चुकायचा आणि माझा पारा चढायचा. आळस, दुसरं काय, असं मला वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायचे.

हायस्कूलला समाधान सर नवीन आले, त्यांचं मत वेगळं पडलं. त्यांनी प्रकाशला बोलावून सांगितलं, “मुलीची तपासणी करून घ्या. तिला वाचन-लेखनाची अडचण असावी. प्रमाणपत्र मिळालं तर बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक मिळेल, वेळही जास्त मिळेल. पण कागद महिनाअखेरच्या आत शाळेत पाहिजे.”

हे ऐकून आमचे आबा, म्हणजे तोताराम आबा, माझे वडील, खाटेवरून उठून बसले. “मनी नातले येडी ठरावाले निंघनात का?” त्यांना समजवायला आठ दिवस गेले. समजूत शेवटी सोनलनेच घातली. “आबा, दहावी नापास झाले तर आयटीआय नाही. मग घरी बसेन आणि तुमचे कूलर तेवढे दुरुस्त करेन.” नापास झालेल्या पोरीला आमच्याकडे घरी कोण बसू देतं? आबांकडे दोन स्थळांच्या चौकश्या आधीच येऊन गेल्या होत्या. पोरीला हे ठाऊक होतं आणि मलाही.

धुळ्याच्या केंद्रातून मंगळवारची तारीख मिळाली. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: पालक, शाळेचं पत्र आणि मुलीच्या वह्या आणाव्यात.

मी वह्या उघडल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. असल्या वह्या परक्या माणसाच्या हातात द्यायच्या? घरात पाहुणे येणार म्हटल्यावर आपण फाटकी गोधडी आत टाकतो की नाही? मी चार दिवस बसले. मराठी, विज्ञान आणि इतिहास, तिन्ही वह्या नव्याने लिहून काढल्या. खाकी कव्हर घातलं, वर नाव घातलं. खोटं वाटू नये म्हणून दोन ठिकाणी मुद्दाम अनुस्वार गाळले. जुन्या वह्यांचा गठ्ठा, चौथीपासूनचा, माझ्याकडे होताच. तो सगळा ज्वारीच्या कोठीमागे सारून दिला. सोनल दारात उभी राहून बघत होती.

मंगळवारी आम्ही चौघं प्रकाशच्या पिकअपमधून निघालो. आबांनी कडक इस्त्रीची टोपी घातली होती. मी ठेवणीतली साडी नेसले होते. सोनललाही तिच्या आईने नवा ड्रेस घालून वेणीत गजरा माळला होता. त्या गजऱ्यावरूनच मला शंका यायला हवी होती.

केंद्रातल्या सादिया मॅडम वयाने लहान, बोलायला गोड. सोनलला त्यांनी आत नेलं. ठोकळे जुळवायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, मग वाचन, मग लेखन. दीड तासाने तिला बाहेर बसवून आम्हाला आत बोलावलं आणि समोर प्रश्नांचा कागद घेतला.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. अनोळखी माणसाने टेबलामागे बसून घरच्या पोरीबद्दल विचारलं की आमच्या माणसांच्या जिभेवर एकच गाडी सुरू होते. पुढे डॉक्टर आहे की मुलाचा बाप, ही चौकशी कुणी करत नाही.

“सोनल एका जागी किती वेळ बसू शकते?” मॅडमनी विचारलं.

“तुमी सांगशात तोलगून,” आबा म्हणाले.

“वस्तू हरवते का?”

“आमना घरमा सुईबी हरावत नही.”

मॅडमनी प्रकाशकडे पाहिलं. “वाचताना अडखळते का?”

“छे हो. स्वयंपाकही सगळा येतो तिला,” प्रकाश म्हणाला. आणि मग, कुणी विचारलं नसताना, “पाच एकर आहे. सगळी बागायत.”

मी दोघांना डोळ्यांनी दटावत होते. तेवढ्यात मॅडमनी मला विचारलं, “तुम्ही तर तिच्या शिक्षिका होतात. लेखन कसं आहे तिचं?”

खरं सांगते, मला खरंच सांगायचं होतं. पण सत्तावीस वर्षांची नोकरी आडवी आली. माझ्या घरची, माझ्या हाताखालची पोरगी, आणि लेखन येत नाही? “चांगलं आहे,” मी म्हटलं. “वह्या बघा ना.”

मॅडमनी वह्या बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग त्यांनी सोनलला आत बोलावून समोर बसवलं.

“मी स्पष्टच बोलते,” त्या म्हणाल्या. “ठोकळ्यांची चाचणी हिने इतकी लवकर केली की मी घड्याळ पुन्हा तपासलं. तोंडी उत्तरं फार छान. पण इथं लिहिलेल्या दहा ओळींत एकतीस चुका आहेत. आणि या वह्या छापल्यासारख्या आहेत. घरचे म्हणतात, काहीच अडचण नाही. सवलत मिळावी म्हणून काही मुलं चाचणीत मुद्दाम चुकीचं लिहितात. कागदांवरून मला तोच संशय येतोय. हे मी प्रमाणपत्र देणाऱ्या समितीपुढे ठेवू शकत नाही. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची आहे.”

दोन महिन्यांनी कागद मिळाला काय आणि न मिळाला काय! माझ्या सुंदर अक्षराने त्या पोरीला लबाड ठरवलं होतं.

“सोनल, या वह्या तू लिहिल्यास?” मॅडमनी विचारलं.

सोनलने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “हो, माझंच अक्षर आहे,” ती म्हणाली.

“मग या अक्षरात मला एक ओळ लिहून दाखव.”

तिने पेन घेतला. वहीतलं माझं वळण समोर ठेवलं आणि जीभ दातांत धरून ‘आमचे घर’ लिहायला लागली. कपाळावर घाम आला. ‘घ’पाशी हात थांबला, पुढे गेला, परत आला. मी तिला वाचवावं म्हणून नव्हे, मला वाचवायला ती लिहीत होती. मला ते बघवेना.

“ठेव तो पेन,” मी ओरडले. सवयीने वर्गातलाच आवाज निघाला. मॅडमही दचकल्या. “वह्या मी लिहिल्यात. सगळ्या मीच लिहिल्यात. हिने एक अक्षर लिहिलेलं नाही.”

आबा माझ्याकडे वळले. “हेमा, तू कॉपी करी?”

सत्तावीस वर्षांत मी किती पोरांच्या खिशातून चिठ्ठ्या काढल्या असतील, आणि साठीच्या उंबरठ्यावर, बापासमोर, मीच सापडले. मला रडू आलं. मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांचे ओठ थरथरत होते. हसू दाबत होत्या हे मला दिसत होतं आणि रागही येत होता.

“खऱ्या वह्या आहेत का?” त्यांनी विचारलं. “पाचपर्यंत आणाल तर आजच बघते.”

प्रकाशने पिकअप कशी हाकली ते त्यालाच माहीत. सोनगीरला जाऊन, कोठी सरकवून, तो साडेचारला परत आला. गठ्ठ्यावर जाळी आणि ज्वारीचा भुसा होता. त्याने तो तसाच टेबलावर ठेवला.

मॅडम चौथीच्या वहीपासून बसल्या. पान उलटता उलटता त्यांनी मान वर केली. “हे लाल शाईतले शेरे कुणाचे?”

“माझे,” मी म्हटलं. आता आणखी काय ऐकावं लागणार म्हणून मी पदर आवळून बसले.

त्या मोठ्याने वाचायला लागल्या. “‘घ आणि ध पुन्हा उलट. कालच पन्नास वेळा लिहून घेतले.’ ‘फळ्यावरून उतरवताना ओळ सुटते.’ ‘तोंडी उत्तर वर्गात सर्वांत उत्तम, लिहिताना तेच येत नाही.’ सगळ्यावर तारखा आहेत. बाई, सहा वर्षं तुम्ही हेच टिपताय. माझं अर्धं काम तुम्हीच करून ठेवलंत. एवढं सगळं दिसत होतं तुम्हाला!”

दिसत होतं खरं. खाली त्याला नाव मात्र मी चुकीचं देत होते.

सोनल तोंड उघडं टाकून ऐकत होती. “फुई,” ती म्हणाली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. “फुई, हाई तू लिखेल शे? माले वाटे, तू बठ्ठं वाईटच लिखस.”

“तू वाचलं नाहीस कधी?”

तिने मान हलवली. सहा वर्षं मी वळणदार अक्षरात शेरे लिहीत होते आणि जिच्यासाठी लिहीत होते तिला माझं वळणदार अक्षर लागत नव्हतं. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती, मघाशी कॉपी पकडली गेली तेव्हाही नाही.

मॅडमनी त्याच संध्याकाळी शिफारस लिहिली. समितीने ती मान्य केली आणि महिनाअखेरच्या चार दिवस आधी कागद शाळेत पोचला. पण ते पुढचं. त्या दिवशी परतताना आबा पुढे प्रकाशजवळ बसले आणि बायापोरी मागच्या हौद्यात बसत नाहीत असं बजावत त्यांनी आम्हालाही आतच दाटीवाटीने बसवलं. सोनलने गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला.

“वाच,” ती म्हणाली.

मी वाचायला लागले. चांगलं तेवढं मोठ्याने वाचत होते आणि बाकीचं गिळत होते. वाटेतलं नगाव मागे गेलं तरी तिच्या ते लक्षात आलं नसेल असं मला वाटत होतं. पण पोरगी लाल ओळी मोजत होती.

“फुई, खाले आखो एक लाईन शे. ती बी वाच.”

मी वाचली. “‘सोनल आळशी आहे.’” खाली तारीख आणि माझी झोकदार सही.

ती म्हणाली, “हाई चुकेल शे.”

“हो. चुकलंय.”

“मंग पन्नासदा लिख.”

शेजारून आबा असे हसले की टोपी पडली. मी नाही हसले. नियम माझाच होता. घरी गेल्यावर हातपाय धुतले, नवी वही घेतली आणि लिहायला बसले: सोनल आळशी नाही. सोनल आळशी नाही. ती समोर पाटावर बसून ओळी मोजत होती, एकही सोडायला तयार नव्हती. तिसाव्या ओळीला माझी बोटं आखडली, पस्तिसाव्याला काना वाकडा गेला. सत्तावीस वर्षं मी ही शिक्षा देत होते, आणि स्वतः कधी एकदाही लिहून बघितली नव्हती.