उपटलेले खांब

ईनाने रिवाज मोडून पहिल्या मुलाला सासऱ्याचं नाव न देता आपल्या बापाचं दिलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बाप्तिस्मा स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसला, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी झाला. तिचा बाप यूअन आला नाही, मेंढ्यांचा बाजार तोंडावर होता. बाळाचं नाव त्याला कुणी कळवायचं नाही अशी ईनाने सगळ्यांना तंबी दिली होती. ते ती स्वतः सांगणार होती, डोंगरावर.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी यूअन आणि त्याचा धाकटा भाऊ फार्खर खिंडीत भेटत. यूअन लग्नानंतर डोंगराच्या पश्चिमेला राहायला गेला तेव्हापासूनचा हा नेम. रस्त्याने सत्तर मैलांचा वळसा, डोंगरावरून अवघे सात मैल. एक इकडून चढायचा, एक तिकडून. खिंडीतल्या दगडांच्या राशीवर दोघे एकेक दगड ठेवायचे, व्हिस्कीचा घोट घ्यायचे, मेंढ्यांना शिव्या द्यायचे आणि आपापल्या घरी उतरायचे. चोवीस वर्षांत एकदाही खाडा झाला नव्हता.

त्या शनिवारी ईना काकाबरोबर पूर्वेकडून चढली. सकाळ स्वच्छ होती. नेच्यांची पानं गंजल्यासारखी तांबूस झाली होती आणि माजावर आलेले हरणांचे नर दोन्ही उतारांवर डुरकत होते.

"काका, तुम्ही चर्चमध्ये गाता तो आवाज हाच की," ईना म्हणाली.

"हाच आवाज ऐकून तुझ्या काकूने होकार दिला होता," फार्खर म्हणाला. "आता नकार देते ते सोड."

बाराला ते खिंडीत पोचले. अर्ध्या तासात धुकं उतरलं, आणि असं उतरलं की हातातला कप दिसेना. ईनाने बाप्तिस्म्याच्या केकचा तुकडा आणि बाळाचा फोटो काढून दगडाच्या आडोशाला ठेवला. एक वाजला. फार्खरने थांबायचं का विचारलं, तेव्हा ती हसली. बाबांना मोतीबिंदू झालाय, तिने सांगितलं, पण ऑपरेशनचं नाव काढू देत नाहीत.

"म्हणतात, माथ्यावर खांब आहेत तोवर डोळ्यांचं काय काम. एकाला हात लावायचा आणि दुसऱ्याकडे चालायचं."

फार्खरच्या तोंडातला घास तिथेच राहिला.

ते लोखंडी खांब त्याच्याच बापाने रोवले होते, जुन्या कुंपणाचे. तारा केव्हाच गेल्या, खांब राहिले. पश्चिमेकडून येणारी रांग माथ्यावर फुटायची. एक रांग उजवीकडे वळून दरीच्या काठाकाठाने खिंडीत उतरायची. दुसरी नाकासमोर जायची आणि डोमकावळ्याच्या कड्यावर संपायची. इस्टेटीच्या नव्या मालकांना डोंगर मोकळा हवा होता. उपटायचं काम फार्खरने घेतलं. जुलैत त्याने खिंडीकडची रांग काढली, माथ्यावरचा कोपऱ्याचा खांबसुद्धा. मग शिकारीचा हंगाम आला, हरणं बुजतील म्हणून काम थांबलं आणि कड्याकडची रांग तशीच उभी राहिली.

यूअनला त्याने सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोनवर बोलणं व्हायचं, पावसाचं, कुत्रीचं. बापाचे खांब उपटले हे ऐकून यूअनने त्याला सोलून काढलं असतं. खिंडीत सांगू, दोन घोट झाल्यावर, असं त्याने ठरवलं होतं.

ईनाला त्याने तेव्हाही काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, मी थोडा वर जाऊन बघतो, तासाभरात आलो नाही तर खाली जाऊन माणसं आण. तिने का म्हणून विचारलं, पण तो चालू लागला होता.

खिंडीकडची वाट त्याच्या पायांना ठाऊक होती, तरी आता त्यालाही धरायला काही नव्हतं. त्याने उपटलेल्या खांबांची भोकं पाण्याने भरली होती, त्यांत पाय जात होता. तो ओरडला. समोरून एक नर डुरकला, मग दुसरा. माणसाची हाक त्या गोंगाटात कुणाला कळणार? मग त्याने दोन बोटं तोंडात घालून शीळ घातली, कुत्र्याला बोलवायची, बापाने दोघा भावांना शिकवलेली. पुन्हा घातली. थांबून कान दिला आणि पुन्हा घातली. मधे अख्खी दरी होती. शीळ तिच्यावरून सरळ पलीकडे जात होती.

दहा मिनिटांनी काठाकाठाने धावत नेल आली, यूअनची कुत्री, भिजलेली. फार्खरचा जीव भांड्यात पडला. तिच्यामागे कुणी आलं नाही.

तिच्यामागून तो जवळजवळ पळतच गेला. कड्यावरच्या शेवटच्या खांबाशी नेल थांबली. खाली, वीसेक फुटांवर, गवताच्या एका पट्टीवर यूअन पडला होता. फार्खर बसत, घसरत उतरला. यूअनचा एक पाय भलतीकडे वळला होता आणि श्वास घेताना छातीतून आवाज येत होता. पण डोळे उघडे होते.

"उशीर केलास," यूअन म्हणाला.

फार्खरने आपला कोट त्याच्यावर घातला.

"खांब संपले, तसा मी थांबलो होतो," यूअन सावकाश सांगू लागला. "वेडा नाही मी. कुठेतरी चुकलोय, धुकं उठेपर्यंत बसू म्हटलं. मग तुझी शीळ आली. अगदी समोरून. नेल निघाली. म्हटलं, फार्खर आला, आता कसली भीती. दोनच पावलं टाकली."

"खिंडीकडचे खांब मी काढले," फार्खर म्हणाला. "जुलैत."

यूअनने डोळे मिटले. आता तो शिव्या देईल म्हणून फार्खर वाट पाहत राहिला. त्याने द्याव्यात असंच त्याला वाटत होतं.

"बापाने मारलं असतं तुला," यूअन म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पोरीला नको सांगू."

फार्खर त्याचे हात चोळत राहिला. ते गरम होत नव्हते. वर नेल केविलवाणं रडत होती. शीळ घालावी म्हणून त्याचा हात तोंडाकडे गेला आणि तिथूनच खाली आला.

"पोराचं नाव काय ठेवलं?" यूअनने विचारलं. "सासऱ्याचंच ना?"

"यूअन," फार्खर म्हणाला. "तुझं ठेवलंय."

"रिवाज मोडला म्हणायचा," यूअन म्हणाला. त्याला ते आवडलं होतं, हे तोंडावरून दिसत होतं. त्यानंतर तो बोलला नाही.

माणसं आली तेव्हा धुकं उठलं होतं आणि अंधार पडू लागला होता. त्यांच्यापुढे ईना होती. यूअनला वर घेतल्यावर फार्खरने तिला सगळं सांगितलं, खांबांचं आणि शिळेचंही, भावाने नको म्हटलं होतं तरी. तिने नेलच्या गळ्यात दोरी बांधली आणि स्ट्रेचरमागून उतरू लागली. केक आणि फोटो खिंडीतच राहिले. दुसऱ्या दिवशी ते आणायला फार्खर एकटा चढला.

यूअन मॅकलेनन शनिवारी, ३ ऑक्टोबर १९८७ रोजी, दुपारी चारच्या सुमारास डोमकावळ्याच्या कड्याखाली वारला.