सायीच्या रंगाची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. भिंतीला कान असतात, हे तुम्ही ऐकलंच असेल. असतात हो, आणि नको ते सगळं ऐकू येतं. पण भिंतीला हातही ओळखता येतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसेल.

गवंड्याने ओळंबा धरून मला सरळ उभं केलं, गिलावा चढवला आणि पाणी मारून मारून पक्कं केलं. माझ्या एका बाजूला बैठकीची खोली, दुसऱ्या बाजूला आत्याची, मध्ये एक दार. तेव्हा माझा रंग गडद निळा होता. 'मळखाऊ आहे' म्हणून बाबांनी निवडलेला. दाराची चौकट मात्र पांढरीशुभ्र.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती कपडे शिवायची. अख्ख्या गल्लीची मापं तिला तोंडपाठ. कोणाचं पोट सुटलं, ही बातमी आधी तिच्या टेपला कळायची! पुढे तिची नजर अधू झाली. तिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. कळलं तर शिवणयंत्र बंद करायला लावतील, ही तिची धास्ती. मला मात्र ठाऊक होतं, कारण ती माझ्यावर तळवा टेकवत चालायची. निळं संपून पांढरं दिसलं की दार आलं. पांढरा चौकोन दिसला की दिव्याचं बटण. एवढ्या खुणांवर ती घरभर हिंडायची. तिच्या हाताचा एक तेलकट पट्टा माझ्यावर उमटला होता. खरं सांगू? मला तो दागिन्यासारखा वाटायचा.

मग घराला नवा रंग द्यायचं ठरलं. आईला त्या निळ्याचा वीट आला होता. तिला हवा होता फिकट, मऊ, उबदार रंग. रंगांच्या नमुन्यांचं कार्ड आलं आणि सगळे त्यात डोकी घालून बसले. एक रंग फारच पिवळा, दुसरा दवाखान्यासारखा. दादा म्हणाला, हा एकच रंग पुन्हा पुन्हा छापलाय, कुठलाही घ्या. आईने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, माझ्यावर नमुन्याचे पट्टे ओढले, उन्हात पाहिले, दिव्याखाली पाहिले आणि सायीचा रंग पसंत केला. आत्यालाही विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला आवडेल तो लावा. रोज बघायचं तुम्हालाच आहे."

आईला तो टोमणा वाटला.

रंग लागला आणि मी अशी उजळले म्हणून सांगू! येणारा जाणारा कौतुक करायचा, मीही फुशारून जायचे. डब्यात रंग उरला. वाया कशाला घालवायचा, म्हणून बाबांनी हौसेने दार, चौकट, इतकंच काय, बटणाची पाटीसुद्धा त्यातच रंगवून काढली. सगळं कसं एकसारखं, सुरेख दिसू लागलं.

आणि आत्याचं दार हरवलं.

ती मला चाचपू लागली. एकदा चौकटीवर कपाळ आपटलं, तर सगळे म्हणाले, जरा बघून चालावं. मग एके दिवशी आई म्हणाली, "ताई, भिंतीला हात नका ना लावू. नव्या रंगावर डाग पडतात."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो हात माझ्यावरून उचलला गेला तो गेलाच. आत्या खुर्चीत बसून राहू लागली. घरच्यांना वाटलं, रुसली.

कळलं ते दादाच्या धाकट्या बहिणीला. शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याचं बटण आत्याने लावून दिलं, ते लाल दोऱ्याने. धाकटी आधी खो खो हसली, मग एकदम थांबली. "आत्या, हा दोरा तुला कुठल्या रंगाचा दिसतो गं?"

आत्या बराच वेळ सदरा चाचपत राहिली. "तुझ्या बापाला सांगू नकोस," एवढंच म्हणाली.

धाकटीने सांगितलं. बाबांनी लगेच चौकट गडद निळी केली, बटणाची पाटीही. आता आत्याला दार पुन्हा सापडतं. ती येते, पण हात छातीशी धरून, माझ्यापासून वीतभर अंतर राखून. आई तिच्या जवळ जाऊन म्हणाली, "ताई, लावा हो हात. पडू देत डाग."

आत्या हसली. "नको गं. चांगली भिंत आहे, कशाला मळवू?"

मित्रांनो, घराला रंग जरूर निवडा, सायीसारखा मऊ निवडा. पण त्या भिंतीला धरून कोण चालतं, ते आधी पाहा. आणि कोणाच्या हाताचा डाग दिसला, तर पुसायची घाई करू नका.

माझ्यावर आज एकही डाग नाही.