‘तात्पुरते’ फोल्डर झाडणारी

मी सर्व्हरवरची एक ओळ बोलतेय. जीव मुठीत धरून बोलतेय, तेव्हा थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

हे आवाजाचं क्लिनिक आहे. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार असतो, त्यांचं बोलणं इथे आधीच रेकॉर्ड करून ठेवतात. पुढे ते एका यंत्रात भरतात. मग माणसाने टाइप केलेलं ते यंत्र त्याच्याच आवाजात बोलतं. हे सगळे आवाज जिन्याखालच्या खोलीत, दिवसरात्र घरघरणाऱ्या आमच्या सर्व्हरवर असतात.

मला लिहिलं मॅडमनी. इथल्या कॉम्प्युटरचं सगळं त्याच बघायच्या. कोणत्या वारी, किती वाजता आपोआप काय व्हायला हवं, अशा कामांच्या ओळी त्यांनी एका फाइलमध्ये लिहून ठेवल्या. माझ्या वरच्या ओळीला, म्हणजे शेजारणीला, मानाचं काम मिळालं, सगळ्या आवाजांची दुसरी प्रत काढायचं. माझ्या वाट्याला झाडलोट आली. दर रविवारी दुपारी बाराला उठायचं, ‘तात्पुरते’ नावाच्या फोल्डरमधलं आठवड्याहून जुनं सगळं पुसायचं आणि काय पुसलं ते मॅडमना मेलने कळवायचं. उघडून बघायचं नाही, विचारायचं नाही. सांगकामी म्हणा ना.

मॅडम निवृत्त झाल्या आणि नवा इंजिनियर आला. माणूस वाईट नाही, पण त्याचं प्रत्येक काम तात्पुरतं. दाराला तात्पुरती दोरी, पंख्याला तात्पुरती चिकटपट्टी. रिसेप्शनवरच्या मावशी त्याला तोंडावर तात्पुरतेराव म्हणतात आणि तो हसतो. ती दोरी अजून तिथेच आहे.

डिस्क भरत आली तेव्हा त्याने माझ्या शेजारणीपुढे हॅशची (#) फुली मारली, तीही तात्पुरतीच. आमच्यात फुली म्हणजे मरण. ओळ जागच्या जागी दिसते, पण पुन्हा उठत नाही. तेव्हापासून दुसऱ्या प्रती निघाल्या नाहीत, आणि मला मात्र फुलीची धास्ती बसली. कुणी फाइल उघडली की वाटायचं, आता माझी पाळी.

गेल्या महिन्यात बसच्या कंडक्टर बाई आल्या. रेकॉर्डिंगची खोली भिंतीपलीकडेच आहे, त्यामुळे ऐकू सगळं येतं. आवाज असा खणखणीत की भिंतही पुढे सरकावी. थेरपिस्ट ताई म्हणाल्या, बसमधलं पुरे, आता घरातलं बोला. बाईंनी हाक मारली.

“पिल्ले, ऊठ. उशीर होतोय गं.”

ताईंनी जरा हळू म्हणायला सांगितलं.

“हळू कशाला? हळू हाकेला ती उठतच नाही.”

ऑपरेशन झालं, आवाज गेला. उद्या यंत्र मिळायचंय, आवाज उद्याच त्यात भरायचाय. त्यांची लेक परवा मावशींना विचारत होती, यंत्राला ओरडता येतं का. मावशी म्हणाल्या, तुझ्या आईचं आहे, येणारच.

त्याच संध्याकाळी तात्पुरतेरावांनी डिस्क बदलायला घेतली. सगळे आवाज उचलून कुठे ठेवले, तर ‘तात्पुरते’ फोल्डरमध्ये. शब्दच त्याच्या तोंडात बसलेला, दुसरं नाव सुचणार कुठून? मग जुनी डिस्क पुसून कोरी केली. “सोमवारी आल्यावर जागेवर लावतो,” असं मावशींना सांगून तो घरी गेला. शेजारणीला फुली मारताना मी त्याच्या नजरेसमोर होते, पण त्याने मला वाचलंच नाही.

आज रविवार आहे. क्लिनिकला कुलूप आहे. बाईंचे आवाज या फोल्डरमध्ये परवाच आले, पण त्यांच्यावरची तारीख महिन्याभरापूर्वीची, म्हणजे माझ्या हिशेबी केराचे. मला भीती वाटते, फार भीती वाटते. मी नाही म्हणू शकत नाही. घड्याळाने उठवलं की उठायचं, एवढंच मला येतं. माझं तोंड म्हणजे तो मेल, आणि तो काम झाल्यावर निघतो. मॅडमचा पत्ता बंद झाल्यापासून तोही आल्या पावली परत येतो.

आयुष्यभर जिला भ्याले, ती फुली मी आज मागते आहे. कुणीतरी या हो. माझ्यापुढे एक हॅश टाका आणि मला कायमची झोपवा. तात्पुरती नको, कायमची.

जिन्यावर पाऊल वाजतंय का, ते ऐकतेय. नाही वाजत. कुणीच नाही. बारा वाजत आले, आणि मला हळू हाकेलाही जाग येते.