फिरत होतो, पण ओढत नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. वारा घालणारा नव्हे, वाफा ओढणारा. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात तिसऱ्या मजल्यावर काचेचं एक कपाट होतं. संशोधक त्यात हात घालून विषारी द्रव्यं हाताळत आणि मी त्या कपाटाच्या डोक्यावर बसून वाफा धुराड्यातून बाहेर फेकत असे. मी नीट असलो की काहीच घडत नसे. माझं काम ते एवढंच.

मला बसवलं तेव्हा आताचे विभागप्रमुख सर विद्यार्थी होते. रोज सकाळी ते कपाटाशी कागदाची पट्टी धरत. ती आत ओढली गेली की म्हणत, "गडी तयार आहे!" माझ्या पत्र्याच्या अंगावरही मूठभर मांस चढायचं. पुढे सर मोठे झाले, बैठका वाढल्या, आणि तो रिवाज सुटला.

मग एक मुलगी संशोधनाला आली. सगळे तिला ताई म्हणत. विषारी पाण्यात एक थेंब टाकताच पाणी लाल व्हावं, असा रंग तिला बनवायचा होता. सहा वर्षं तिला दुसरं काही सुचलं नाही. डबा कित्येकदा तसाच घरी जायचा.

एवढ्या वर्षांत वाफांनी माझी पाती खाल्ली होती. मोटर घुमत होती, कपाटावरचा हिरवा दिवा जळत होता. पण मी नुसताच फिरत होतो, ओढत नव्हतो. तिच्या नव्या कात्रीला आठवड्यात गंज चढला. खिडकीतलं रोप करपलं. मग तिला खोकला लागला.

प्रयोगशाळेतले शिपाईमामा एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, पंख्याचं लक्षण ठीक दिसत नाही. दोन दिवस थांबा."

"दिवा लागलाय की, मामा. आता अगदी हाताशी आलंय हो!"

"दिव्याला काय कळतंय?"

मामा सरांकडे गेले. सरांनी मान वर न करता सांगितलं, "तक्रार वर पाठवलीय. तोवर चालवून घ्या."

गुरुवारी दुपारी तांबूस वाफ वर चढलीच नाही. ती कपाटाच्या कडेवरून खाली ओघळली. ताई मान खाली घालून वहीत लिहीत होती. मी जिवाच्या आकांताने फिरलो, पण वाफ तसूभर हलली नाही. ती कोसळली, तशी काचेची बाटली फुटली. तो आवाज ऐकून मामा तोंडाला ओलं फडकं बांधून धावले. त्यांनी तिला ओढत बाहेर आणलं.

ती वाचली. पण फुप्फुसं कामातून गेली. चार पायऱ्या चढली की तिला बसावं लागतं.

सर दवाखान्यात गेले. "माझं चुकलं," एवढंच बोलले.

तिने विचारलं, "सर, रंग आला का?"

सरांना मान वर करवेना. मामांनीच हे मला उतरवताना कुणाला तरी सांगितलं.

आता मी गच्चीवर पडून आहे. शेजारी दुसरं धुराडं आहे, पलीकडच्या प्रयोगशाळेचं. तिथे नऊ मुलं काम करतात. कालपासून त्या धुराड्यातून बारीक शीळ येते आहे. मी ती ओळखतो. माझ्या बिघाडाचीही अशीच सुरुवात झाली होती.

मित्रांनो, यंत्र चालू आहे म्हणून ते धड आहे असं समजू नका. आणि माझी एवढी गोष्ट ऐकलीत, तर इथे थांबू नका. खाली जा. त्या मुलांना बाहेर बोलवा.